सत्तावीस-सत्तावीस आणि तीन सडांची गाय

पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानावर नंबरिंगचे यंत्र दाबले की 'खट्' असा आवाज होतो, लाल आकडा उमटतो आणि आतले चाक एका घराने आपोआप पुढे सरकते. बारामतीतल्या माझ्या लहानशा छापखान्यात मी उमेदीची सारी वर्षे हा आवाज ऐकत आलो आहे. लग्नपत्रिका, दूध संकलनाच्या पावत्या, गणेश मंडळांची वर्गणीची पुस्तके, असे आमचे काम. आकड्यांशी माझे नाते निव्वळ व्यवहाराचे होते. आकडा गळू नये आणि दोनदा पडू नये, एवढीच काळजी. वडील गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी त्याच यंत्राखालून २७२७ हा आकडा बाहेर आला आणि माझा हात जागच्या जागी थांबला.

२७२७ हा माझ्या वडिलांचा बिल्ला होता. ते एसटीत कंडक्टर होते आणि नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी बारामती-इंदापूर या एकाच रस्त्यावर काढला. खाकी सदऱ्याच्या खिशावर तो पितळी बिल्ला असे. डेपोत त्यांना नावाने कमी आणि आकड्याने जास्त हाक मारत. "सत्तावीस-सत्तावीस, इंदापूर लागली का?" अशी हाक मी लहानपणी अनेकदा ऐकली आहे. दिवसभर "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून घरी येईपर्यंत त्यांचे शब्द संपलेले असत. दारातून आत आले की ते बिल्ला काढून खिडकीच्या फरशीवर ठेवत. पितळेचा दगडावर होणारा तो आवाज म्हणजे वडील घरी आले. त्यानंतर "जेवलास का?" हा प्रश्न आणि "हो" हे उत्तर. आमच्या संभाषणाचा विस्तार बहुधा एवढाच होता, आणि त्यात आम्हा दोघांनाही काही कमी वाटत नव्हते. कमी वाटू लागले ते त्यांच्या मागे.

त्यामुळे त्या दुपारी, यंत्राचा 'खट्' झाला आणि त्याखालून तो आकडा उमटला तेव्हा, खिडकीच्या फरशीवर बिल्ला ठेवल्यासारखे मला वाटले. मी चाक एक घर मागे घेतले, एका रद्दी कागदावर तोच आकडा पुन्हा उमटवला, कागद खिशात ठेवला आणि घरी फोन लावला.

"अगं, सत्तावीस-सत्तावीस आला!"

"कोण आलं?" पत्नीने विचारले.

"आकडा. यंत्राखालून आला."

"मग आलाय तर चहा पाजा त्याला," ती म्हणाली, आणि गोठ्यात काम पडले आहे म्हणून तिने फोन ठेवला.

मी आत्मपरीक्षण करणारा माणूस आहे, थोडा नको इतकाच. पावत्यांच्या ढिगातून कधी ना कधी तो आकडा येणारच होता, हे मला कळत होते. वडील हयात असतानाही तो माझ्या हाताखालून शेकडो वेळा गेला असेल आणि मी मान वर केली नसेल. हे सारे मी स्वतःला समजावले. समजावून झाल्यावर बाहेर पडलो, तर समोरून मोरगावची एसटी गेली आणि तिच्या मागच्या पाटीवर शेवटचे चार आकडे तेच होते. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून लहान मुलासारखा हसलो.

त्यानंतर तो आकडा मला जागोजागी भेटू लागला. विजेच्या मीटरवर, सोमेश्वरनगरकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीवर, एकदा तर गॅसवाल्याला सांगायच्या कोडमध्ये. गॅसवाला दारात सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा, आणि मी मोबाइलकडे पाहतच राहिलो.

"काका, कोड सांगा की."

"सत्तावीस-सत्तावीस," मी म्हणालो. "सत्तावीस-सत्तावीस!"

"एकदाच सांगा, कळलं," तो म्हणाला. "आन् ह्यो ठिवू कुठं? खांदा मोडाय लागलाय."

मी त्याची क्षमा मागितली. क्षमा मागणे हा माझा स्वभावच आहे. पत्नी म्हणते, तुम्ही दाराला धडकलात तरी दाराची माफी मागता. परंतु त्या दिवसांत माझ्या मनात जी आनंदाची उकळी फुटत असे, तिच्यासाठी मला कोणाची क्षमा मागावीशी वाटत नसे. प्रत्येक भेटीनंतर मी मनातल्या मनात "हो, जेवलो" असे म्हणत असे. घरी आलो की पत्नीला सांगत असे. ती पेंड कालवता कालवता ऐकून घेई. "दिसभर ढीगभर आकडे बघता," ती म्हणे, "त्यातला एक ध्यानात ऱ्हातो, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" तिचे म्हणणे खरे होते. तरी पुढच्या वेळी मी पुन्हा सांगत असे.

तिच्याविषयी सांगणे आवश्यक आहे. आमचे घर गावाबाहेर, इंदापूर रस्त्याच्या बाजूला आहे आणि मागे लहानसा गोठा आहे. तो गोठा तिचा. आसपासच्या घरांना ती दुधाचा रतीब घालते आणि लग्न होऊन आल्यापासून तो रतीब एक दिवसही चुकू नये, असा तिचा बाणा. ताप असो, पाहुणे असोत, दूध वेळेवर पोहोचले पाहिजे. गेल्या वर्षी गोठ्यात पाय घसरून तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, पण हातात पूर्वीची ताकद आली नाही. त्याच सुमारास आमची जुनी गाय आटली. दुसरी होती, पण तिच्या एकटीच्या दुधात सगळी घरे भागेनात. दोन घरांनी पिशवीचे दूध सुरू केले. हे तिला फार लागले. रिकामी किटली घासताना तिच्या हाताला जो जोर येई, तो मी ऐकत होतो. आणखी एक घर सुटले, तर तिच्या लेखी रतीब मोडल्यासारखाच होता.

म्हणून गाय आणायची ठरली. नरसिंहपूरच्या रस्त्याला, इंदापूरच्या पुढे, एका मुस्लिम शेतकऱ्याच्या गोठ्यात गाई विकायच्या आहेत असे तिच्या माहेरच्यांकडून कळले. पिकअपच्या धक्क्यांनी मनगट दुखते, म्हणून ती आली नाही. पहिल्यांदाच तिने मला एकट्याला गाय आणायला पाठवले. निघताना तिने चारदा बजावले.

"दुसऱ्या वेताची बघा. दात बघा. कास बघा. आन् काय बी झालं तरी धार काढून बघितल्याबिगर बोलायचं न्हाय. धार ते काढतील, तुमी नुस्तं उभं ऱ्हावा आन् बघा. जमंल न्हवं?"

"जमेल," मी म्हणालो.

जंक्शन नावाचे गाव गेले, निमगाव केतकी गेले. हा वडिलांचा रस्ता. पिकअपवाल्याशेजारी बसून मी प्रत्येक थांब्यावर मनात बेल मारत होतो. गोठा सापडला. मालक सत्तरीच्या पुढचे, पांढऱ्या दाढीचे, बोलायला मोकळे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. मुलांनी अकलूजला दुकान टाकल्यामुळे एवढी जनावरे त्यांच्याने होत नव्हती. त्यांनी चहा दिला आणि एक काळीपांढरी गाय पुढे आणली.

"दुसऱ्या वेताची हाय, पाव्हणं. गरीब हाय लई. पण एक गोष्ट आधीच सांगतो..."

ते बोलत असताना गाईने माशी उडवायला कान झटकला. कानात सरकारी पिवळा बिल्ला होता. बारा आकडे. शेवटचे चार मी वाचले, आणि पुढचे काहीच माझ्या कानावर पडले नाही.

बिल्ला! नुसता आकडा नव्हे, बिल्ला. वडिलांच्याच रस्त्याच्या टोकाला, कानात बिल्ला घालून उभी असलेली ही गाय. मला वाटले, आता याहून स्पष्ट बोलणे कोणाला शक्य आहे? चाचांचे ओठ हलत होते, त्यांचा हात कासेकडे गेला, एका सडाला लागला, ते मान हलवत काही सांगत होते, आणि मी "हो, हो" म्हणत होतो. शेवटी त्यांनी विचारले, "धार काढून दावू का?"

"नको," मी म्हणालो. "ठरले."

"आवो, बघून तरी घ्या!"

"पाहिली."

चाचांनी माझ्याकडे थोडे चमत्कारिक नजरेने पाहिले. "बरं," ते म्हणाले. "तरीबी आठवड्याची बोली. न्हाय पटली तर आणून बांधा." आमच्याकडे जनावराच्या व्यवहारात बोलीला कागद लागत नाही. विकणारा मुदत देतो, आणि सांगितल्यापेक्षा वेगळी खोड निघाली, तर जनावर परत घेतो. परतीच्या वाटेवर मी पिकअपच्या मागच्या जाळीतून त्या कानाकडे पाहत राहिलो. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

संध्याकाळी पत्नी धार काढायला बसली. उजवा हात आखडत होता, म्हणून डाव्यानेच काढत होती. दोन सड झाले, तिसरा झाला. चौथ्याला हात घातला आणि ती थांबली. पुन्हा दाबला. मग हळूच उठून कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"डावीकडचा मागचा सड गेलाय."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हंजी गेला. थेंब न्हाय. तीन सडांची गाय आणलीया तुमी." तिचा आवाज चढला. "त्या म्हाताऱ्यानं फसवलं तुमाला! दाढी पांढरी झाली तरी असलं धंदं करतो! धार काढली तवा दिसलं न्हाय?"

मी गाईच्या कासेकडे पाहिले. चाचांचा हात ज्या सडाला लागला होता, तो माझ्या डोळ्यांसमोर आता स्वच्छ उभा होता. त्यांचे ओठही मला आता वाचता येत होते. त्यांनी सांगितले होते. शब्द न् शब्द सांगितला होता. आणि "फसवलं" हा शब्द आमच्या गोठ्यात उभा राहिला असता मी तो खाली बसवला नाही. तिला वाटले, मी फसलो म्हणून ओशाळलो आहे. मी तिला तसे वाटू दिले.

"उद्या मी येती," ती म्हणाली. "मनगट मोडलं तर मोडू द्या पुन्यांदा. बोली हाय न्हवं? बघतीच त्याला."

दुसऱ्या दिवशी रतिबाचे दूध कसेबसे घालून आम्ही निघालो. मागे गाय, पुढे आम्ही दोघे. प्रत्येक खड्ड्यात ती मनगट दुसऱ्या हाताने धरत होती. जंक्शनला सांगावे असे ठरवले, जंक्शन गेले. निमगाव केतकीला सांगावे असे ठरवले, तेही गेले. थांबा आला की उतरायचे, एवढेसुद्धा मला, एका कंडक्टरच्या मुलाला, जमेना.

चाचा अंगणातच होते. पत्नीने पदर खोचला आणि पिकअपमधून उतरायच्या आत सुरुवात केली.

"चाचा, वयाला शोभतं का तुमच्या? साधा माणूस बघितला आन् तीन सडांची गळ्यात मारली? माझं रतीब हायती, घरं हायती माझी! एका सडापायी नाव जायचं माझं!"

चाचांनी ते सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. त्या नजरेत राग नव्हता; उलट, एका पुरुषाने दुसऱ्याला त्याच्या बायकोसमोर सांभाळून घ्यावे, तशी ती नजर होती. "बोली म्हंजी बोली, बाई," ते म्हणाले. "सोडा खाली. माझी गाय मला."

एवढे बोलून ते दावे घ्यायला वळले. ती गाय त्यांच्या हाती गेली असती, तर प्रकरण तिथेच मिटले असते. माझ्याकडून कोणीच काही मागत नव्हते. केवळ माझ्या गप्प राहण्याने त्या माणसाचे नाव आमच्या घरात आणि तिच्या माहेरात कायमचे खराब होणार होते, आणि तो ते सोसायला तयार होता.

"चाचांनी सांगितले होते," मी म्हणालो.

माझा आवाज मुळात लहान. कोणी ऐकले नाही. मी पुन्हा, मोठ्याने म्हणालो. "चाचांनी मला सांगितले होते. सडाला हात लावून दाखवले होते. धार काढून दाखवतो म्हणाले, मीच नको म्हणालो."

पत्नी सावकाश माझ्याकडे वळली. "का?"

"मी तिच्या कानाकडे पाहत होतो."

ती पिकअपच्या मागे गेली, जाळीतून हात घातला, गाईचा कान धरून बिल्ला उलटा करून वाचला. शेवटच्या चार आकड्यांवरून तिने अंगठा फिरवला. लग्न होऊन आली त्या वर्षापासून दर दसऱ्याला सासऱ्यांचा बिल्ला चिंचेने घासून लखलखीत करणारी ती होती. त्या आकड्याची ओळख तिला सांगावी लागणार नव्हती.

मग ती चाचांकडे गेली आणि तिने हात जोडले. "चुकले, चाचा. काय बाय बोलले. ह्यो माणूस कान बघून गाय घेतो, मला काय ठावं!"

चाचा खो खो हसले. "कान बघून? आगं बाई, आमच्यात दात बघत्यात!" मी त्यांना वडिलांचे सांगितले. ते एकदम गंभीर झाले. "म्हंजी ते इंदापूर गाडीचं? अबोल? लांबून पळत येताना दिसलं तर गाडी थांबवायचं, पर शब्द न्हाय बोलायचं. व्हय, व्हय." मग त्यांनी मला गोठ्यात नेले आणि दुसऱ्या गाईचा कान धरून दाखवला. तिचे शेवटचे आकडे २७२८ होते. "डाक्टर आला त्या दिशी वळीनं सगळ्यांस्नी बिल्लं टोचलं," ते म्हणाले. "ही घिऊन जा. चारी सड हायती, दूध बी जास्त."

२७२८! माझेच नंबरिंगचे यंत्र. एक घर पुढे सरकलेले. मला हसू आले. आकडा कोणी धाडला नव्हता, तो ओळीत उभा होता. तरीही, खरे सांगायचे तर, उकळी शमली नाही. कारण "पळत येताना दिसलं तर गाडी थांबवायचं" हे वाक्य मला कोणत्याही ओळीत उभे राहून मिळाले नसते.

पत्नी मात्र कामाला लागली होती. ती दुसऱ्या गाईखाली बसली. चाचांनी मागच्या पायांना दोरी बांधली. डाव्या हाताने तिने पहिली धार काढली, तशी गाईने बांधलेल्या पायांनीच बादली उडवली. पुन्हा बसली, पुन्हा तेच. "जरा चपळ हाय," चाचा म्हणाले, "दोनी हातांनी झटक्यात काढाय लागती." पत्नी उठली, आणि आपले उजवे मनगट डाव्या हाताने चोळत पिकअपमधल्या गाईकडे पाहत राहिली.

"काल हिचं पाय मी बांधलंच न्हवतं," ती स्वतःशीच म्हणाली.

"हीच ऱ्हाऊ द्या," मग ती मोठ्याने म्हणाली. "एका हातानं काढू देती. रतिबाला पुरतंय तिचं, काल-आज बघितलं मी." आणि माझ्याकडे बोट रोखून, "तुमच्या आकड्यापायी न्हाय हां! माझ्या हातापायी ठिवतीया. आन् रतिबाला पुरतंय म्हंजी रतिबालाच पुरतंय. आजपासनं तुमी कोरा चहा प्यायचा."

"हो," मी म्हणालो.

"पाव्हणं," चाचा म्हणाले, "स्वस्तात सुटला."

निघण्याआधी चाचांनी पाणी पाजायला गाय खाली उतरवली, तर ती परत पिकअपात चढेना. चाचांनी ओढली, मी मागून ढकलली, पिकअपवाल्याने शिव्या घातल्या. पत्नीने पुढे होऊन तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. "चला कंडक्टरीणबाई, डबल बेल!" आणि गाय खरोखरच चढली. तेव्हापासून आमच्या गोठ्यात तिचे तेच नाव आहे.

निमगाव केतकीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे आम्ही अडकलो. मी शहाण्यासारखा समोर, काचेतून दूर पाहत होतो. आता पाट्या वाचायच्या नाहीत, असे मी ठरवले होते. तेवढ्यात पत्नीने मला कोपराने ढोसले.

"आवो, त्यो ट्रॅक्टर बघा."

पाटीवर ७२७२ होते.

"उलटा हाय," ती म्हणाली. तोंड खिडकीकडे होते, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. "चालतंय का तुमाला?"

मी समोरच पाहत राहिलो. ट्रॅक्टर मागे पडला तेव्हा मात्र मान वळवून, दिसेनासा होईपर्यंत, पाहिलाच. आता सकाळी ती धार काढते तेव्हा मी गोठ्याच्या दारात कोऱ्या चहाचा पेला घेऊन उभा असतो. दूध असलेल्या चहाची सवय जायला वेळ लागला, कबूल करतो. एक, दोन, तीन सडांच्या धारा किटलीत वाजतात, मग ती उठते, रतिबाला निघते, आणि दारातून जाता जाता मला विचारते, "जेवायला घरी हायसा का दुपारी?"

"हो," मी म्हणतो, आणि आजकाल त्यापुढेही चार शब्द बोलतो.